‘अंक पहिला’ या चिन्हाचे अवमूल्यन : अमेरिकन सुपरहीरो-कॉमिक्सच्या पुनःप्रारंभातील धोके

१

नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर छापलेला क्रमांक हा वरवर पाहता केवळ व्यवस्थेचा भाग वाटतो. ग्रंथपालास अंक लावून ठेवणे सोपे जावे आणि वर्गणीदारास एखादा अंक हुकल्यास ते कळावे, एवढाच त्याचा उपयोग, असा सामान्य समज असतो. परंतु हा क्रमांक काही सांगतही असतो. मराठी मासिकावर ‘वर्ष चाळिसावे, अंक तिसरा’ असे छापलेले असते, तेव्हा त्यातून दोन विधाने केली जातात. हे मासिक एकोणचाळीस वर्षे टिकले आहे, हे एक. आणि चौथा अंक येणार आहे, हे दुसरे. पहिली भूतकाळाविषयीची साक्ष आहे, तर दुसरे भविष्याविषयीचे वचन आहे. भाषाशास्त्राच्या परिभाषेत क्रमांक हे एक चिन्ह आहे. आणि सर्व चिन्हांप्रमाणे त्याचा अर्थही इतर चिन्हांपासून असलेल्या त्याच्या वेगळेपणावर अवलंबून असतो. ‘एक’ला अर्थ येतो तो ‘दोन’, ‘शंभर’ आणि ‘नऊशे’ यांच्यामुळे.

अमेरिकेतील सुपरहीरो-कॉमिक्सच्या व्यवसायात या चिन्हाचा गेल्या काही दशकांत जो वापर झाला, तो भाषेच्या अभ्यासकासही विचार करावयास लावणारा आहे. मालिकेचा खप घसरू लागला की ती बंद करावयाची, आणि त्याच नायकाची, बहुधा त्याच नावाची मालिका पुन्हा अंक १ पासून सुरू करावयाची, असा हा उपाय होय. त्यास येथे ‘पुनःप्रारंभ’ असे म्हटले आहे. हा उपाय केव्हा गुणकारी ठरला, केव्हा अंगलट आला, आणि बाजार आकुंचित होत असताना त्याचा धोका नेमका का वाढतो, याचे विवेचन पुढे केले आहे.

२

सुपरहीरो-कॉमिक्सचा आरंभ १९३८ साली ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात अवतरलेल्या सुपरमॅनपासून मानला जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या नायकांना उदंड वाचक लाभले. युद्ध संपले आणि ते ओसरू लागले. १९४९मध्ये ‘फ्लॅश कॉमिक्स’ हे नियतकालिक १०४ अंकांनंतर थांबले. ‘कॅप्टन अमेरिका’ या मासिकाला शेवटी शेवटी भयकथांचे रूप देण्यात आले, आणि १९५०मध्ये तेही बंद पडले.

यानंतर दहा वर्षांच्या आत पुनःप्रारंभाचे दोन प्रयत्न झाले. त्यांची तुलना उद्बोधक आहे.

पहिला प्रयत्न पुढे ‘मार्व्हल’ या नावाने प्रसिद्धीस आलेल्या आणि त्या वेळी ‘ॲटलस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकाशनसंस्थेचा. १९५३च्या अखेरीस ‘यंग मेन’ या मासिकाच्या २४व्या अंकात तिने कॅप्टन अमेरिका, ह्यूमन टॉर्च आणि सब-मरिनर या आपल्या तीनही युद्धकालीन नायकांना परत आणले. १९५४मध्ये त्यांची स्वतंत्र मासिके जुन्याच अनुक्रमाने पुन्हा निघू लागली. कॅप्टन अमेरिकेचा अंक ७६वा होता. नायक तेच होते, वेष तोच होता, कथेची धाटणीही तीच होती. नाझी शत्रूच्या जागी साम्यवादी शत्रू आला, एवढाच काय तो फरक. कॅप्टन अमेरिकेचे तीन आणि ह्यूमन टॉर्चचे तीन अंक निघून ती मासिके थांबली. सब-मरिनरने १९५५पर्यंत कसाबसा तग धरला.

दुसरा प्रयत्न ज्या संस्थेस आज ‘डीसी’ म्हणतात तिचा. संपादक ज्यूलियस श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली ऑक्टोबर १९५६च्या ‘शोकेस’च्या चौथ्या अंकात फ्लॅश हा नायक पुन्हा अवतरला. लेखन रॉबर्ट कॅनिगर व जॉन ब्रूम यांचे होते, आणि चित्रे कार्माइन इन्फँटिनो यांची. मात्र येथे नावाखेरीज जवळजवळ सर्व काही बदललेले होते. नायक नवा होता. बॅरी ॲलन हा पोलीसखात्यातील वैज्ञानिक. वेष नवा होता, आणि कथांचा रोख त्या काळच्या विज्ञानविषयक कुतूहलाकडे होता. जुना फ्लॅश नाकारण्यात आला नाही. नवा नायक लहानपणापासून त्याच्याच कॉमिक्सचा वाचक आहे, अशी योजना करून त्यास कथेतच मानाचे स्थान देण्यात आले. ‘शोकेस’ हे मासिकच मुळी नव्या कल्पनांची चाचणी घेण्यासाठी होते. फ्लॅशची अशी चाचणी चौथ्या, आठव्या, तेराव्या आणि चौदाव्या अंकात, म्हणजे चार वेळा घेण्यात आली. त्यानंतरच १९५९मध्ये त्याचे स्वतंत्र मासिक निघाले. त्याच्या पहिल्या अंकावर क्रमांक होता १०५. दहा वर्षांपूर्वी जेथे गणना थांबली होती, तेथूनच ती पुढे चालू करण्यात आली.

आजच्या व्यवहाराच्या दृष्टीने हे आश्चर्यकारक वाटेल. परंतु त्या काळी ‘अंक १’ हे आकर्षण नव्हते. ती शंकेची जागा होती. नवे मासिक टिकेल की नाही, याची स्टॉलवाल्यास खात्री नसे. तीन आकडी क्रमांक असलेले मासिक टिकाऊ, म्हणून दर्शनी जागी लावण्याजोगे, अशी व्यवसायात समजूत होती.

दोन्ही प्रयत्नांत जुनाच अनुक्रम राखला गेला. तरी एक फसला आणि दुसऱ्यातून सुपरहीरो-कॉमिक्सचा दुसरा बहर आला. तेव्हा यशाचे वा अपयशाचे कारण क्रमांकात नव्हते, हे उघड आहे. ते आशयाच्या नवेपणात होते, आणि तो नवेपणा आधी तपासून पाहण्याच्या सावधगिरीत होते.

३

ही सावधगिरी कोठून आली होती, हे पाहणे आवश्यक आहे. त्या काळी कॉमिक्स वृत्तपत्रांच्या स्टॉलवर, औषधांच्या व वाणसामानाच्या दुकानांत विकली जात आणि न खपलेले अंक प्रकाशकाकडे परत जात. फसलेल्या अंकाची झीज मुख्यतः प्रकाशकासच सोसावी लागे. अशा स्थितीत चार वेळा चाचणी घेतल्यावाचून नवे मासिक काढण्याचे धाडस कोण करील?

१९७०नंतर ही व्यवस्था पालटली. न्यूयॉर्कचे फिल सूलिंग यांच्या पुढाकाराने कॉमिक्सच्या खास दुकानांना थेट पुरवठा करण्याची पद्धत सुरू झाली. दुकानदारास अधिक कमिशन मिळू लागले. पण न खपलेले अंक परत करण्याचा हक्क गेला. आरंभी ही पद्धत हितकर ठरली. स्टॉलवरील विक्री घटत असताना तिने व्यवसायास आधार दिला आणि छोट्या प्रकाशकांनाही वाट करून दिली. परंतु तिचे दोन परिणाम दूरगामी होते. एक, जोखीम प्रकाशकाकडून दुकानदाराकडे गेली. दोन, कॉमिक्सची विक्री अशा ठिकाणी एकवटली की जेथे आधीपासून वाचक असलेला मनुष्यच पाऊल टाकतो.

‘खप’ या शब्दाचा अर्थही येथे बदलला. स्टॉलच्या काळात खप म्हणजे वाचकांनी विकत घेतलेल्या प्रती. नव्या व्यवस्थेत खप म्हणून जो आकडा सांगितला जातो, तो दुकानदारांनी मागवलेल्या प्रतींचा असतो. शब्द तोच राहिला. त्याचा निर्देश मात्र वाचकावरून दुकानाच्या मांडणीकडे सरकला. पुनःप्रारंभाच्या यशाविषयीचे बरेचसे गैरसमज या एका अर्थांतरातून उद्भवले आहेत.

हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एका दुकानात एखाद्या मालिकेचे ४० नियमित ग्राहक आहेत. ती मालिका बंद होऊन नवा अंक १ जाहीर होतो. दुकानदार उत्साहाने १०० प्रती मागवतो. त्यातील ७० विकल्या जातात; ४० जुन्या ग्राहकांना आणि ३० संग्राहकांना वा सहज कुतूहल असलेल्यांना. या ३० जणांपैकी पाच पुढेही टिकतात. परंतु जुन्या ४० पैकी आठ जण मात्र याच वेळी वाचन सोडतात. कारण गोष्ट संपली आहे, आणि इतकी वर्षे केवळ खंड पडू नये म्हणून जे अंक घेत होते, त्यांना थांबण्यास सोयीची जागा मिळाली आहे. हिशेब असा होतो : प्रकाशकाच्या वहीत खप ४०वरून १०० वर गेला, दुकानदाराच्या फळीवर ३० अंक पडून राहिले, आणि नियमित वाचक ४०चे ३७ झाले.

अंक १ हे जसे आत येण्याचे दार आहे, तसेच ते बाहेर जाण्याचेही दार आहे, हे येथील मर्म होय. रस्त्यावरून रोज नवी माणसे जात असतील, तर त्या दारातून बाहेर पडणाऱ्यांपेक्षा आत येणारे अधिक भरतील. जेथे रस्ताच ओस पडला आहे, तेथे दार जितक्या वेळा उघडावे तितकी घरातील माणसे कमी होत जातात. आकुंचित होणाऱ्या बाजारात पुनःप्रारंभाचा धोका वाढतो तो या कारणाने.

यात वेळेच्या हिशेबाची भर पडते. दुकानदारास मागणी आगाऊ नोंदवावी लागते. पुढील काळात अंतिम मागणीची मुदत प्रसिद्धीपूर्वी सुमारे तीन आठवड्यांवर आणण्यात आली, तरी मासिकाच्या दुसऱ्या अंकाची मागणी पहिला अंक फळीवर आल्यानंतर आठवड्याभरातच निश्चित करावी लागते. मालिका पाक्षिक असेल, तर पहिला अंक पाहण्यापूर्वीच दुसऱ्याची संख्या कळवावी लागते. अंदाज चुकला हे कळेपर्यंत चूक दोनतीनदा होऊन गेलेली असते.

४

या व्यवस्थेचा पहिला मोठा कडेलोट १९९०नंतर झाला. १९९१मध्ये ‘एक्स-मेन’ची नवी मालिका सुरू झाली. तिच्या पहिल्या अंकाच्या ८० लाखांहून अधिक प्रती दुकानदारांनी मागवल्या. अंक एकच असून त्यास पाच निरनिराळी मुखपृष्ठे होती. एवढे वाचक अस्तित्वातच नव्हते. अनेक ग्राहक एकेका अंकाच्या चारपाच प्रती घेत होते. कारण १९३८चा ‘ॲक्शन कॉमिक्स’ क्रमांक १ मोठ्या किमतीस विकला जातो, हे त्यांनी ऐकले होते. तो अंक मौल्यवान झाला तो फार थोड्या प्रती उरल्यामुळे. ८० लाख प्रती जपून ठेवल्या जात असताना त्यांपैकी कोणतीही दुर्मीळ होणे शक्य नव्हते. ही साधी गोष्ट ध्यानात येताच १९९३च्या सुमारास मागणी कोसळली, आणि पुढील काही वर्षांत अमेरिकेतील हजारो दुकाने बंद पडली. डिसेंबर १९९६मध्ये मार्व्हलने दिवाळखोरीत संरक्षणासाठी अर्ज केला. त्यामागे कर्जाचा बोजाही होता. तथापि सट्ट्यावर पोसलेल्या बाजाराची घसरण हे त्याचे एक प्रमुख कारण होते.

घसरणीच्या याच काळात, १९९६मध्ये, मार्व्हलने ‘ॲव्हेंजर्स’, ‘फँटॅस्टिक फोर’, ‘कॅप्टन अमेरिका’ आणि ‘आयर्न मॅन’ या चार जुन्या मालिका थांबवल्या आणि त्या जिम ली व रॉब लायफेल्ड या लोकप्रिय चित्रकारांच्या संस्थांकडे सोपवून अंक १ पासून सुरू केल्या. ‘ॲव्हेंजर्स’ ४०२ अंकांनंतर आणि ‘फँटॅस्टिक फोर’ ४१६ अंकांनंतर थांबले होते. खप तात्काळ वाढला. परंतु नव्या मालिका प्रत्येकी तेरा अंकांतच संपल्या, आणि लगेचच त्या चारही नायकांचे आणखी एकवार अंक १ निघाले. तीन दशकांहून अधिक काळ टिकलेली गणना दीड वर्षाच्या आत दोनदा शून्यावर आली. एवढे होऊन २००३मध्ये ‘फँटॅस्टिक फोर’च्या मुखपृष्ठावर एकाएकी ५०० हा क्रमांक छापला गेला, मधले सारे अंक जुन्या गणनेत मिळवून हा आकडा साधला होता. शंभरीच्या पटीचाही खपास उपयोग असतो, हे प्रकाशकाच्या ध्यानात आले होते.

५

पुनःप्रारंभाचा दुसरा प्रकार अधिक मूलगामी असतो. त्यात क्रमांकाबरोबर नायकाचा पूर्वेतिहासही रद्द केला जातो. १९८०नंतरच्या वर्षांत ‘सुपरमॅन’चा खप फार खालावला होता, १९६० साली प्रत्येक अंकाच्या सरासरी ८ लाखांवर प्रती खपत, तो आकडा आता लाखाच्या आसपास आला होता. १९८५-८६ मध्ये ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्‌स’ या बारा अंकी कथेद्वारे डीसीने आपले सर्व कथाविश्व नव्याने रचले, आणि १९८६मध्ये जॉन बर्न यांनी सुपरमॅनची कथा मुळापासून पुन्हा सांगितली. हा प्रयत्न वाचकांनी उचलून धरला. त्यात क्रमांकापेक्षा अधिक काही बदलले होते. मात्र त्याचे मूल्य दुसरीकडे चुकवावे लागले. नव्या कथेत सुपरमॅन हा बालपणी ‘सुपरबॉय’ नव्हताच. पण ‘लीजन ऑफ सुपर-हीरोज’ ही दुसरी मालिका सुपरबॉयच्या प्रेरणेवरच उभी होती. तिचा पाया निखळला, तो सावरण्यासाठी नवे खुलासे आले, त्या खुलाशांतून नव्या विसंगती निघाल्या, आणि १९९४मध्ये आणखी एक दुरुस्ती करावी लागली.

भाषेच्या इतिहासाशी परिचित असणाऱ्यास ही घटना अनोळखी वाटणार नाही. भाषेतील एक ध्वनी सरकला की त्याच्या शेजारच्या ध्वनींनाही जागा बदलावी लागते. कारण ध्वनी एकेकटे नसतात, त्यांची व्यवस्था असते. अनेक मालिकांत गुंफलेले कथाविश्व ही अशीच व्यवस्था आहे. भाषेत असा बदल पिढ्यान्‌पिढ्या चालतो आणि बोलणाऱ्यांस जाणवतही नाही. येथे तो एका महिन्यात घडवला जातो, आणि वाचकास तो जाणवल्याशिवाय राहत नाही.

सप्टेंबर २०११मध्ये डीसीने याहूनही मोठे पाऊल टाकले. आपल्या सर्व प्रमुख मालिका बंद करून तिने एका महिन्यात ५२ नव्या मालिका अंक १ पासून सुरू केल्या. १९३८पासून चालत आलेली ‘ॲक्शन कॉमिक्स’ची गणना ९०४वर आणि ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ची ८८१वर थांबली. दुकानदारांस काही शर्तींवर अंक परत करण्याची सवलत देण्यात आली. जोखीम वाटून घेण्याचे हे पाऊल उल्लेखनीय होते. आरंभीचे यश मोठे होते, आणि दुकानांत पूर्वी न दिसलेले वाचक आले, हेही मान्य केले पाहिजे. पण ५२ पैकी सहा मालिका आठव्या अंकासच संपल्या. कथेच्या बाजूस सुपरमॅनचा विवाह पुसला गेला, तर बॅटमॅनचा पूर्वेतिहास बहुतांशी राखून तो पाचसहा वर्षांत कोंबण्यात आला. काय घडले आहे आणि काय घडलेले नाही, हे जुन्या वाचकास सांगता येईना आणि नव्यास विचारता येईना. २०१६मध्ये डीसीने ‘रीबर्थ’ या नावाने माघार घेतली. पूर्वीचा विवाहित सुपरमॅन परतला, आणि ‘ॲक्शन कॉमिक्स’वर ९५७ हा क्रमांक छापला गेला. मधले ५२ अंक जुन्या गणनेत सामावून घेतल्याने २०१८च्या एप्रिलमध्ये तिचा एक हजारावा अंक निघू शकला. आणि त्याचे जे स्वागत झाले, ते कोणत्याही अंक १च्या स्वागताहून कमी नव्हते. सुमारे सात वर्षांपूर्वी जो इतिहास ओझे म्हणून टाकून दिला होता, तोच आता ठेवा म्हणून विकला गेला.

६

पुनःप्रारंभाच्या समर्थकांचे म्हणणे थोडक्यात असे. सहाशे हा क्रमांक पाहून नवा वाचक बिचकतो. आधीचे पाचशे नव्याण्णव अंक वाचल्याशिवाय काही कळणार नाही, असे त्यास वाटते. लेखक-चित्रकार बदलले की नवा अंक १ काढणे म्हणजे त्यास प्रामाणिकपणे सांगणे, की येथून वाचावयास हरकत नाही. हे म्हणणे निराधार नाही. अडचण अशी, की एखादी खूण वारंवार वापरली की ती काही सांगेनाशी होते. ‘राव’ या मराठी शब्दाचे उदाहरण घेण्यासारखे आहे. ‘राजन्’पासून आलेला हा शब्द मूळचा राजाचा वाचक, पुढे तो कोणाही प्रतिष्ठित पुरुषाच्या नावास लागू लागला, आणि आज ‘चल राव’ या उद्गारात त्यात ना राज्य उरले आहे, ना आदर. सर्वांनाच राव म्हटल्यावर कोणीही राव राहत नाही. ‘अंक १’चे असेच झाले आहे. ‘कॅप्टन मार्व्हल’ या नायिकेच्या मालिकेचा पहिला अंक २०१२, २०१४, २०१६, २०१७ आणि २०१९ असा सात वर्षांत पाच वेळा निघाला. तिची कथा आरंभापासून वाचू इच्छिणाऱ्या मुलीने दुकानात जाऊन पहिला अंक मागितला, तर दुकानदारास ‘कोणता पहिला?’ असे विचारावे लागेल. ज्या वाचकासाठी ही खूण निर्माण केली, त्यालाच ती चकवू लागली.

२०१७मध्ये मार्व्हलने जुने अनुक्रम पुन्हा छापावयास आरंभ केला. आणि २०१८पासून मुखपृष्ठावर नव्या क्रमांकाशेजारी एकूण अंकांचा जुना क्रमांकही बारीक अक्षरांत देण्याची प्रथा पडली. एकाच अंकावर दोन क्रमांक असणे हा साक्ष व वचन यांची फारकत झाल्याचा छापील पुरावाच म्हणावा लागेल.

७

या काळात आकुंचन पावला तो चित्रकथावाचनाचा बाजार नव्हे, हे येथे नमूद केले पाहिजे. अमेरिकेतील पुस्तकांच्या दुकानांत व शाळांच्या ग्रंथालयांत रेना टेल्गेमायर आणि डेव्ह पिल्की यांच्या चित्रकथा मुलांनी डोक्यावर घेतल्या. जपानी मांगालाही मोठा वाचकवर्ग मिळाला. ‘वन पीस’ ही मालिका १९९७पासून एकाच अनुक्रमाने चालू राहिली, आणि २०२१मध्ये तिचा शंभरावा खंड निघाला. आरंभ कोठून करावा, हा प्रश्न तिच्या वाचकास पडत नाही. पहिला खंड एकच आहे, आणि तो नेहमी विकत मिळतो. मोठा क्रमांक वाचकास घाबरवतो, या समजुतीस हे सरळ उत्तर आहे. वाचकास भीती असते ती लांबीची नव्हे, वाट न सापडण्याची.

सुपरहीरोंच्या क्षेत्रातही अगदी अलीकडे वेगळा मार्ग दिसला. जानेवारी २०२४मध्ये मार्व्हलने ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’ आणि ऑक्टोबर २०२४मध्ये डीसीने ‘ॲब्सोल्यूट बॅटमॅन’ या नव्या मालिका सुरू केल्या. त्यांच्या अंकांची पुनर्मुद्रणे करावी लागली. दोन्ही ठिकाणी मूळ मालिका बंद केली नव्हती. तिच्या शेजारी वेगळे कथाविश्व उभारले होते, आणि नायकाची परिस्थिती खरोखरच बदलली होती. स्पायडर-मॅन येथे दोन मुलांचा बाप आहे, आणि बॅटमॅनजवळ पिढीजात संपत्ती नाही. आत येण्याचे दार उघडले, पण बाहेर जाण्याचे दार त्याबरोबर उघडले नाही. १९५६च्या ‘शोकेस’शी असलेले या पद्धतीचे नाते सहज ध्यानात येते.

पुनःप्रारंभ करू इच्छिणाऱ्याने, सारांश, तीन प्रश्नांना आधी उत्तर दिले पाहिजे. क्रमांकाखेरीज काय बदलले आहे? प्रयोग फसल्यास त्याची झीज कोण सोसणार आहे? आणि जुन्या वाचकास राहण्याचे कारण दिले आहे, की केवळ जाण्याची सोय? दुसरा प्रश्न दुर्लक्षित राहण्याचा संभव सर्वांत अधिक. कारण झीज सोसणारा दुकानदार खपाच्या आकड्यांत दिसत नाही. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेतील कॉमिक्सच्या दुकानांचा अनेक वर्षे मुख्य पुरवठादार असलेल्या ‘डायमंड’ या संस्थेने दिवाळखोरीत संरक्षण मागितले. तिच्या पतनाची कारणे अनेक होती, आणि मोठ्या प्रकाशकांनी २०२०नंतर तिची साथ सोडणे हे त्यांतील एक प्रमुख होते. परंतु ज्या साखळीतील प्रत्येक दुवा आपली जोखीम पुढच्यावर ढकलतो, तिचे शेवटचे टोक वाचकाच्या हातात असते. आणि त्याने ते सोडले, तर मुखपृष्ठावर कोणताही क्रमांक छापून उपयोग नाही.